खिडकीवरचा कागद

रंगाऱ्याला लोक पहिले दोन दिवसच माणूस समजतात. इमारतीला परांची लागली की घरोघरी धांदल उडते. पडदे ओढले जातात, दोरीवरचे कपडे आत जातात, पोरींना खिडकीत उभं राहायची बंदी होते. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांना त्याचा विसर पडतो. खिडकीबाहेर फळीवर उकिडवा बसलेला माणूस आणि शेजारून खाली गेलेला सांडपाण्याचा पाइप, यांत मग घरातल्यांना काही फरक वाटत नाही. आणि आपल्याला कुणी बघत नाही अशी खात्री झाली की माणूस जे काही करतो, ते न बघितलेलंच बरं.

दाजींनी ते उभ्या जन्मात इतकं बघितलं होतं की त्यांना माणसांचा वीट आला होता. जिन्यात थुंकणाऱ्यांवर बैठकीत तावातावाने बोलणारे गृहस्थ घरात पडद्याला नाक पुसत. शेजारणीच्या गळ्यात गळा घालणारी बाई दार लागताच तिच्या नावाने बोटं मोडी. एक नावाजलेले डॉक्टर कानात पेन्सिल घालत आणि मग ती हुंगत. पुढे त्याच डॉक्टरांकडे बायकोला न्यायची वेळ आली, तेव्हा दाजी तिला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. का, ते बायकोला कधीच सांगितलं नाही.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. मेव्हणा त्यांच्या हाताखाली कामाला लागला, तो त्यांना दाजी म्हणे. मग टोळीतले सगळे म्हणू लागले, मुकादम म्हणू लागला, रंगाचा दुकानदार म्हणू लागला. एकदा तर खुद्द सासऱ्यांच्या तोंडून "अहो दाजी" निघून गेलं होतं, आणि सासरे दोन दिवस घुश्शात होते.

ज्यांच्या हाताखाली दाजी शिकले त्या उस्तादांनी ब्रश हातात देण्याआधी एक गोष्ट बजावली होती. काचेकडे काच म्हणून बघायचं, पलीकडे घर आहे हे विसरायचं. आत काय दिसलं ते बोलणारा रंगारी म्हणजे आत बघणारा रंगारी, आणि आत बघणाऱ्याला कुठलीही इमारत पुन्हा उभं करत नाही. हे दाजींनी गाठीशी बांधलं. बघायचे सगळं, पण तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. यालाच ते इमानदारी म्हणत.

तर अशा एका पाच मजली इमारतीची गेटाकडची बाजू दाजींच्या वाट्याला आली. मेव्हणा वरच्या फळीवर, दाजी खालच्या. जुना रंग पत्र्याने खरवडायचा, भेगांत पुट्टी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, मग अस्तर आणि शेवटी रंग. तिसऱ्या मजल्यावर त्यांची फळी एका रुंद, न उघडणाऱ्या काचेसमोर आली. पडदा नव्हता. काचेला लागूनच पलंग होता आणि पलंगावर एक आजी उशीला टेकून बसली होती. पाय गेलेले असावेत, कारण ती हलत नव्हती. दाजी दिसताच तिने हात वर केला. दाजींनी मान हलवली आणि पत्रा चालवायला घेतला.

या घराचं सगळ्या इमारतीला कौतुक. आजीची लेक, जिला लहानथोर सगळे ताई म्हणत, आईसाठी लग्न न करता राहिली होती. भाऊ सातासमुद्रापार. आईचं न्हाणं, जेवण, औषध, सगळं एकट्या ताईवर. गेटवरचा पहारेकरीसुद्धा सांगे, "लेक असावी तर अशी." शिवाय रंगाऱ्यांना चहा विचारणारं अख्ख्या इमारतीत हे एकच घर. स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीतून ताई हात बाहेर काढून पेले द्यायची, आणि वर "दमला असाल" असंही म्हणायची. दाजींना ती देवमाणूस वाटली होती.

दोन-तीन दिवस गेले. एका दुपारी ताई वाटी घेऊन पलंगाशी बसली. वाटीत दुधात कुस्करलेला पाव होता. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. नजर फोनवर. तिने चमचा आईच्या तोंडाजवळ नेला. आजीने तोंड उघडलं. ताईने चमचा मागे घेतला. आजीने तोंड मिटलं. पुन्हा चमचा गेला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा चमचा मागे. असं किती वेळा झालं ते दाजींनी मोजलं नाही. शेवटी तो घास ताईने स्वतःच्या तोंडात घातला आणि चावता चावता फोनवर काहीतरी वाचून किंचित हसली.

दाजींना आधी वाटलं, थट्टा चाललीय. मायलेकींची असते कधीकधी. पण थट्टा करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. ताईचं लक्षच नव्हतं. काही जण बोलता बोलता पेनचं टोपण काढतात आणि लावतात, तसं ती करत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता, दात-ओठ खाल्ले असते, तर दाजींना एक वेळ समजलं असतं. रागावलेली माणसं त्यांनी ढिगाने बघितली होती. इथे नुसता कंटाळा होता. तो बघून त्यांच्या हातातला पत्रा थांबला. आजीने चमच्याला हात घालायचा प्रयत्न केला, तशी ताईने नजर न उचलता तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, चिमटा काढला. नुसता काढला नाही, पिळला. मग दोन-तीन घास भरवले आणि वाटी उचलून नेली. वाटी अर्धी भरलेली होती.

थोड्या वेळाने ताई परत आली तेव्हा तिच्या हातात कंगवा होता आणि खांद्यावर नवी कोरी शाल. तिने आईचे केस विंचरले, तोंड पुसलं, शाल पांघरली, उशी नीट केली आणि फोन समोर धरला. "दादा, बघ, आत्ताच पोटभर जेवलीय. आई, दादाला हात कर." काचेतून आवाज पुसट यायचा, पण त्यातली साखर बाहेरपर्यंत पोचत होती. आजीने हात केला. फोन बंद झाला. ताईने शाल काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. आजी पुन्हा विटक्या गाऊनमध्ये. मग ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला. "दाजी, चहा घ्या. दमला असाल."

दाजींनी पेला घेतला. घ्यायला नको होता, पण हात पुढे गेला. पहिल्या घोटालाच तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. त्यांनी चहा हळूच पाइपामागे ओतून दिला आणि रिकामा पेला परत करताना वर "छान झालाय" असंही म्हणाले. इतकं खोटं बोलताना जीभही अडखळली नाही, याची त्यांना मागाहून शरम वाटली.

संध्याकाळी मेव्हणा त्यांच्याकडेच जेवायला होता. बायकोने वाढायला डाव उचलला आणि दाजींनी ताट मागे सरकवलं. तिने विचारलं, बरं नाही का. दाजींनी सांगून टाकलं. सांगताना त्यांना वाटत होतं, बोलून मोकळं झालो की पोटातलं खाली बसेल. बसलं नाही.

"मग तुम्ही काय केलंत?" बायकोने विचारलं.

"मी काय करणार? मी बाहेर, ती आत."

"काच वाजवायची."

"अक्का, तू मध्ये पडू नकोस," मेव्हणा घास गिळत म्हणाला. "दाजी, उद्या कुणी विचारलं ना, की रंगारी बाईमाणसांच्या घरात का बघत होता, तर काय सांगणार? ती सगळ्यांची लाडकी. तुमचं कोण ऐकतंय? उलट तुमच्याच नावाची बोंब होईल. आपलं काम भिंतीच्या बाहेरचं."

"आणि म्हातारी?" बायको म्हणाली.

"म्हातारी त्यांची आहे."

बायकोने दाजींचं ताट उचललं आणि मेव्हण्याच्या ताटात आणखी वाढलं. तो पोटभर जेवला. दाजी त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत बसले. तो सख्खा मेव्हणा नसता तर त्यांनी त्याला उठवलं असतं. पण तो जे बोलला ते दाजींच्याच मनातलं होतं, आणि म्हणूनच त्यांना त्याची जास्त चीड आली.

पुढचे काही दिवस रोज तेच. सकाळी आजी हात वर करायची. दुपारी चमचा पुढे आणि मागे. मग कंगवा, शाल, फोन, साखर. मान फिरवून बसायचं म्हटलं तर काम त्याच काचेभोवती होतं. कानाडोळा तरी किती करणार? दाजी पाठ करून बसले की काचेवर एक बारीक टकटक व्हायची. आजी नखाने काच वाजवत असायची. वळून बघितलं की ती हात वर करायची, बस्स. काही मागायची नाही, रडायची नाही. नुसती बघायची, आणि तुम्हीही बघा असं जणू सांगायची. दाजींना तिचा राग येऊ लागला. अख्ख्या इमारतीत एवढी माणसं, हिला मीच सापडलो का?

आणि मग दाजींनी ते केलं, जे फक्त रंगाऱ्यालाच सुचू शकतं.

रंगाच्या दिवशी काचेवर डाग पडू नयेत म्हणून काचेला वर्तमानपत्राचे कागद लावतात. चिकटपट्टीने कडा बंद करतात. सकाळी लावायचे, संध्याकाळी काढायचे, हा नियम. उन्हात राहिली की पट्टीचा गोंद काचेला धरतो, आणि घरातली माणसं अंधार झाला म्हणून कुरकुर करतात. दाजींच्या भिंतीला अजून अस्तरही लागलं नव्हतं. पुट्टीसुद्धा ओली होती. तरी त्या सकाळी ते कागदांचा गठ्ठा काखेत मारून चढले आणि काच झाकायला लागले.

"दाजी, आत्ताच?" वरून मेव्हण्याने विचारलं.

"धूळ उडते," दाजी म्हणाले.

हात त्यांचा सरावाचा. एकावर एक पान, कडेला पट्टी, अंगठ्याने दाबून पुढे. आजी आतून बघत होती. तिने आधी हात वर केला, मग नखाने काच वाजवली. मग तळहात काचेला टेकवून धरला, आणि दाजींनी त्या तळहातावरच कागद लावला. शेवटचं पान लावेपर्यंत त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. लावून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर स्वतःचीच शीळ त्यांना ओंगळ वाटली आणि ते थांबले.

ताईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. तिने कागदाकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. "बरं केलंत," ती म्हणाली. "उन्हाचा आईला त्रासच होत होता. राहू द्या आता, काढू नका." त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली. दाजींना कळलं की तिला सगळं कळलंय. दोघांत न बोलता काहीतरी ठरलं होतं आणि बिस्किटं त्याची होती. मेव्हण्याने ती खाल्ली.

कागद लावून दिसायचं थांबलं, ऐकू यायचं नाही. चमचा वाटीवर वाजायचा. मग शांतता. मग पुन्हा वाजायचा. त्या शांततेत काय चाललंय ते दाजींना काचेतून बघितल्यापेक्षा स्पष्ट दिसायचं. एकदा आतून "आं" असा आवाज आला, मोठा नाही, ठेच लागल्यावर निघतो तेवढा. दाजींनी पॉलिशपेपर इतक्या जोराने घासला की पुट्टी निघून खालचा गिलावा दिसायला लागला. नखाची टकटक मात्र थांबली होती. आजीने समजायचं ते समजून घेतलं असावं.

मग एका सकाळी गेटवर गडबड झाली. भाऊ आला होता. न कळवता. मोठी बॅग ओढत, प्रवासाने चुरगळलेला, डोळे लाल. पहारेकऱ्याने बॅग उचलली, सोसायटीच्या सेक्रेटरीने पाठीवर हात ठेवून ताईचं कौतुक सुरू केलं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत. दाजी फळीवरून बघत होते. त्यांच्या मनात आलं, सुटलो. आता ज्याचं त्याने बघावं. त्या दिवशी आतून चमच्याचा आवाज आला नाही, नुसती हसण्या-बोलण्याची कुजबुज येत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरीने खालून हाक मारली. "दाजी, तिसऱ्या मजल्यावर बोलावलंय तुम्हाला. दारातून जा."

मेव्हण्याने वरून वाकून बघितलं. "कागदच होता म्हणून सांगा," तो हलक्या आवाजात म्हणाला. दाजींनीही तेच ठरवलं होतं.

दार ताईने उघडलं. तिने हसून पायपुसणं पुढे सरकवलं. दाजींच्या अंगावर, भुवयांवर, सगळीकडे पुट्टीची पांढरी धूळ होती. ते अंग चोरून आत गेले. ज्या खोलीत इतके दिवस बाहेरून बघितलं, ती आतून त्यांना ओळखूच येईना. भर दुपारी दिवा लावलेला. खिडकीच्या जागी वर्तमानपत्रांची एक मळकी भिंत. कोंदट वास. त्या मंद उजेडात आजी पलंगावर टेकून बसलेली, आणि नवी शाल अंगावर. भाऊ तिच्या पायाशी खुर्चीत. शेजारच्या स्टुलावर दुधा-पावाची वाटी झाकून ठेवलेली.

"हाच तो," आजी म्हणाली. इतक्या दिवसांत दाजींनी तिचा बोलण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो चांगला खणखणीत होता.

भाऊ घसा खाकरत म्हणाला, "दाजी ना तुम्ही? बसा. म्हणजे, उभेच राहा, चालेल. हे बघा, आईच्या दंडावर काळेनिळे डाग आहेत. ही म्हणते, कूस बदलताना पलंगाची कड लागते. वयामुळे होतं, मलाही माहीत आहे. पण आई म्हणते, रंगाऱ्याला विचार, तो रोज बघतो. आता तुम्हाला कुठे त्रास द्यायचा, पण तिचं समाधान. तुम्ही काही बघितलंत का?"

विचारायची ही कुठली पद्धत? 'नाही' म्हणायला सगळी वाट झाडून दिलेली. ताई दाराशी हात बांधून उभी होती आणि अजून हसत होती.

"खिडकीवर कागद आहे साहेब," दाजी म्हणाले. "आतलं काही दिसत नाही."

भावाने श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, चेहरा सैलावला, आणि तो जवळजवळ आनंदाने म्हणाला, "तेच म्हणत होतो मी, आई." दाजींनी तो चेहरा ओळखला. काच झाकून झाल्यावर शीळ घालताना आपलं तोंड असंच दिसलं असणार. सख्ख्या आईचा दंड काळानिळा, आणि हा माणूस सुटकेचा श्वास सोडतोय. शी!

आजी काही वेळ दाजींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. जाऊ दे त्याला. काम राहिलं असेल त्याचं."

तिने त्यांना खोटारडा म्हटलं असतं तर दाजी निघून गेले असते. शिव्या घातल्या असत्या तरी गेले असते. पण तिने त्यांना सोडून दिलं, आणि त्यांचा पाय निघेना.

"चहा टाकते सगळ्यांना," ताई म्हणाली आणि आत गेली.

"चल आई, आज मी भरवतो," भाऊ म्हणाला. त्याने वाटी मांडीवर घेतली, चमचा भरला आणि तिच्या ओठांजवळ नेला. आजीने तोंड उघडलं नाही. "अगं, उघड ना." ती चमच्याकडे टक लावून बघत होती. भाऊ म्हणाला, गरम आहे की काय, आणि चमचा मागे घेऊन फुंकर घातली. पुन्हा पुढे नेला. तेव्हा तिने तोंड उघडलं आणि घास घेतला. दुसऱ्या घासालाही तसंच. ओठ घट्ट मिटलेले. त्याने चमचा मागे घेतला, पुन्हा नेला, तोंड उघडलं. भाऊ हसला. "ही काय नवीन सवय? लहान मुलीसारखी?"

दाजींनी दाराची चौकट धरली.

"पहिला घास त्यांचा नसतो," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्या वेळी चमचा मागे जातो. रोज. दुसऱ्या वेळीही जातो कधीकधी. तोंड उघडून घास मिळाला नाही की लाज वाटते माणसाला. म्हणून त्या आता उघडत नाहीत." एकदा तोंड फुटल्यावर दाजींना थांबता येईना. चमचा, फोन, दंडाचा चिमटा, अर्धी वाटी परत जाणारी, अंगावर चढणारी आणि उतरणारी शाल, सगळं त्यांनी ओकून टाकलं. बोलताना त्यांना आजीकडे बघवत नव्हतं, म्हणून ते भावाच्या पायांकडे बघत बोलले.

ताई ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. आता ती हसत नव्हती. "खिडकीतून आत बघता तुम्ही?" ती म्हणाली. "बायकांच्या घरात? दादा, सेक्रेटरींना बोलव. हाच माणूस आत्ता म्हणाला ना, काही दिसत नाही म्हणून?"

"कागद मागाहून लावला," दाजी म्हणाले. "आधी बघितलं. बघून मग लावला."

"तूच बोलावलंस का ह्याला, पैसे देऊन?" तिने आईला विचारलं, आणि ते तिलाच इतकं वेडगळ वाटलं असावं की तिने ट्रे स्टुलावर आदळला. चहा हिंदकळून शालीवर सांडला. "इतकी वर्षं एकटीने काढली मी. हिचं हगणं-मुतणं काढलं. तू फोनवर हात हलवायचास. आलास आज, आणि एका रंगाऱ्याचं ऐकून माझ्याकडे असा बघतोस?"

हे खरं होतं. दाजींनाही ते खरं वाटलं. तरीही त्यांना तिच्याबद्दल कणव आली नाही. ती पहिल्यांदाच मनापासून बोलत होती आणि तेव्हाही आईच्या अंगावर सांडलेला गरम चहा पुसायचं तिला सुचलं नव्हतं. तो भावाने पुसला, शाल काढून. मग त्याने गाऊनची बाही वर केली आणि दंड उजेडाकडे धरला. एक डाग काळा होता, एक हिरवा, एक पिवळा पडत चाललेला. पलंगाला एवढ्या कडा नसतात.

ताई आत निघून गेली. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

भाऊ तो दंड धरून बसला. मग मान वर न करता त्याने विचारलं, "किती दिवस बघत होता?"

"फळी इथे आल्यापासून."

"आणि आज सांगताय? कागद लावून बसलात?"

"मला बघायचं नव्हतं," दाजी म्हणाले. यापेक्षा बरं काही सुचलं असतं तर त्यांनी ते सांगितलं असतं. पोटापाण्याचं कारण होतं, बदनामीचं होतं, उस्तादांचं होतं. सगळी कारणं त्यांना त्या क्षणी शिळ्या अन्नासारखी वास मारायला लागली.

भावाने चमचा वाटीत टाकला. "मला फोनवर दिसायची ती," तो म्हणाला. "गालफडं बसलेली दिसायची. एकदा विचारलं. बहीण म्हणाली, वय झालं. मला बरं वाटलं ते ऐकून. नंतर मी फोन लांब धरायला लागलो. मलाही बघायचं नव्हतं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. धुळीने माखलेला एक, प्रवासाचा शीण न गेलेला एक.

"झालं का तुमचं दोघांचं?" आजी म्हणाली. "मग दे पुढचा. भूक लागलीय मला."